घोषित मूल्य

सातपूरला तन्वीर मिस्तरीच्या शेडमध्ये
ती उभी होती लाकडी ठोकळ्यांवर,
पुढचं चाक काढलेलं,
रेडिएटरच्या जाळीत वाळलेलं शेवाळ.
दोनशे सहा किलो, कागदावर.
शेजारी माझी स्कूटर लावली
तर दावणीला शेळी बांधल्यासारखी दिसली.

मी सर्व्हेअर. एकवीस वर्षं
लोकांच्या मोडतोडीतून घसारा वजा करतो.
रबर, प्लॅस्टिक : निम्मं.
काच : काहीच नाही.
लोखंड : वयाप्रमाणे.
माझे गुडघे मी लोखंडात धरतो.

मालकीण सुनेत्रा आहेर,
आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवते,
शर्टाच्या बाहीवर ठिणग्यांची भोकं.
दोन कंपन्यांनी तिला दारातूनच परत पाठवलेलं :
हे मॉडेल यादीत नाही, मॅडम.
तिसरीकडे मुंबई नाक्यावरचा एजंट म्हणाला,
किंमत जरा खाली धरू, हप्ता हलका बसेल,
आणि ते साइडचे डबे, रॅक, जादाचे दिवे
लिहूच नका, उगाच प्रश्न येतात.
प्रश्न आता आले होते,
आणि एजंट फोन उचलत नव्हता.

हरसूलच्या पुढे, नाव नसलेल्या ओहोळात
गाडी आडवी झाली.
शर्यत, वेगचाचणी, स्पर्धा?
"मी एकटी होते. शर्यत कुणाशी?"
अपघात रस्त्यावर झाला की रस्त्याबाहेर?
"रस्ता होता. मी पोचले तेव्हा संपला होता."
रकान्यात एवढी जागा नव्हती.

रविवारी मी स्वतःच गेलो.
असं जायचं नसतं, भत्ता मिळत नाही.
त्र्यंबक सोडल्यावर स्कूटर कण्हायला लागली.
ओहोळ तेव्हा घोट्याएवढा होता.
एक पोरगा म्हशी पाजत होता. त्याला विचारलं,
हा रस्ता आहे का?
तो म्हणाला, बोर्ड आहे ना.
बोर्ड खरंच होता, अर्धा वाळूत :
ग्रामीण मार्ग, पुढे नंबर, पुढे निधी.
मी फोटो काढला. तीन काढले.
पाण्यातसुद्धा रस्ता चालूच आहे
हे सिद्ध करणारा तो पहिला सरकारी दगड
मी माझ्या नोकरीत पाहिला.

एवढं झाल्यावर एकच प्रश्न उरला.
तो मी शेडमध्ये, तन्वीर चहाला गेल्यावर विचारला.
पाण्यात बंद पडल्यावर
तुम्ही स्टार्टर दाबला का?
दाबला, तर इंजिन गेलं. दोन्ही अर्थांनी.
नाही म्हणाली असती
तर मी नाही लिहिलं असतं.
पेन उघडं होतं. मी मुद्दाम खाली बघत होतो.

"दाबला," ती म्हणाली.
"दोनदा. अंधार पडत होता."

पुढचे फोर्क मंजूर. हँडल मंजूर.
टाकीच्या बाजूचं प्लॅस्टिक, निम्मं.
इंजिन नामंजूर.
रॅक : पॉलिसीत नोंद नाही, बिल नाही, म्हणून शून्य.
तो रॅक मात्र वाकलासुद्धा नव्हता.
मी अंगठ्याने जोड चाचपले,
एकसारखे, माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक.
"हे कुठून घेतलंत?"
"घेतलं नाही. केलं."
मी शून्य लिहिलं होतं, ते तसंच राहिलं.

पुढच्या मार्चमध्ये ती ऑफिसला आली,
नूतनीकरणाचा फॉर्म घेऊन. इंजिन तिने आणि तन्वीरने
चार महिने रात्री बसून उभं केलेलं.
नो क्लेम बोनस अर्थातच गेलेला.
जादा सामान, वर्णन, मूल्य,
हा रकाना तिने या वेळी सोडला नाही.
पेन थांबवून विचारलं, किती लिहू?
नियमाने मी सांगू शकत नाही.
म्हटलं, तुम्हाला काय वाटतं?

तिने मागच्या बाजूला हिशोब मांडला :
पाइप, रॉड, प्रायमर, एक डबा काळा रंग.
एक हजार सातशे चाळीस.

मजुरी? मी विचारलं.
ती हसली. रकाना भरला होता.